चोवीस तासांची प्लेट

सोमवारी सकाळी रसिकाने इन्क्युबेटर उघडला तेव्हा मागच्या कोपऱ्यात मेणबत्तीची बरणी तशीच होती. शनिवारी ती रिकामी करून धुवायला टाकायची, ते राहून गेलं होतं. तशी ती काही मोठी चूक नव्हती. डोंबिवलीतल्या त्या दोन गाळ्यांच्या लॅबचं शटर शनिवारी दुपारी एकला अर्धं खाली यायचं आणि मग कुणाचं काय राहिलं ते बघायला कुणी थांबत नसे. जुनी, रुंद तोंडाची काचेची बरणी. घशाच्या नमुन्यांच्या प्लेटा आत रचायच्या, वर मेणबत्तीचं थोटूक पेटवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत आतली हवा खाते आणि विझते, आणि ज्या जंतूंना मोकळी हवा मानवत नाही ते त्या कोंदटपणात सावकाश डोकं वर काढतात. मोठ्या लॅबांत यासाठी यंत्रं असतात, इथे बरणी होती. रसिकाने झाकण काढलं. आत तीन प्लेटा होत्या, वरच्या दोन घशाच्या. खालची तिने उचलली, सवयीने ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि धरूनच राहिली. लाल थरावर टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके उठले होते, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाभोवतीचा लाल रंग हिरवट पडला होता. प्लेट तिने उलटी केली. पाठीवर निळ्या मार्करने तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: दौ. मांडवकर, लघवी, शुक्रवार. दौलत मांडवकर म्हणजे तिचे सासरे. त्यांना काल सकाळी अकरा वाजता ती आणि तिचा नवरा प्रीतम टिटवाळ्याच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात सोडून आले होते.

आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. काही झालं नाही. शेजारच्या टेबलावर रक्ताच्या नळ्या गरगरत होत्या, बाहेर काउंटरवर कुणीतरी उपाशीपोटी यायचं की जेवून म्हणून विचारत होतं. तिने प्लेट ओट्यावर ठेवली आणि घशाच्या दोन्ही प्लेटा आधी वाचून काढल्या, नोंदवल्या. मग हात धुतले. मग पुन्हा त्या प्लेटकडे आली. ठिपके होते तिथेच होते. शनिवारी साडेबाराला याच प्लेटचा रिपोर्ट तिने दिला होता. संगणकात एक बटण दाबलं की ओळ आपोआप उमटते, वाढ नाही, आणि खाली तिची सही येते. बाबांच्या बाबतीत ते बटण तिने आठ महिन्यांत तिसऱ्यांदा दाबलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी ठाकुर्लीच्या त्यांच्या घरात वास यायला लागला. आधी तो कशाचा हेच कुणाला कळेना. प्रीतमने सिंकखालची जाळी काढून पाहिली, त्यांची मुलगी श्रिया म्हणाली की कुठेतरी मासा सांडलाय. मग हळूहळू सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी एकाच वेळी त्याबद्दल बोलणं बंद केलं. वास बाबांच्या खोलीतून यायचा. उग्र, आंबूस, चादर बदलली तरी दाराच्या चौकटीला चिकटून राहिलेला. बाबा तासातासाला उठायचे, कधी बाथरूमपर्यंत पोचायचे, कधी नाही. पहाटे चारला नळ सुरू व्हायचा. आपले लेंगे ते स्वतः धुवायचे, सुनेच्या हाती पडायच्या आत. त्या नळाच्या आवाजाने रसिकाला जाग यायची आणि पहिला विचार मनात यायचा तो पाण्याच्या टाकीचा. आता लॅबच्या ओट्याशी उभी असताना तो आवाज तिला नीट आठवला. बादली भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी वेड लागलंय असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिने त्यांच्या कपाटात डांबरगोळ्या टाकल्या, खोलीत सुगंधी फवारा आणून ठेवला. आणि एकदा, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, पाहुणे यायचे म्हणून, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, जरा नीट धूत जा ना." ते खिडकीशी पेपर वाचत होते. "हो," म्हणाले. एवढंच. पेपरचं पान मात्र त्यांनी बराच वेळ उलटलं नाही, हे तिला दिसलं होतं.

बाबा बोलणाऱ्यातले नव्हतेच. संगमेश्वराकडून अठराव्या वर्षी आलेला माणूस, वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होता. पंपाचे दांडे बनून यायचे आणि यांनी ते मोजायचे, मायक्रोमीटर लावून, एकेक. लग्नानंतर रसिकाला लॅबमधली नोकरी लागली तेव्हा घरात खरा आनंद झाला तो त्यांनाच. "म्हणजे तूपण तपासणीच्याच खात्यात," असं म्हणाले होते आणि मग त्या दिवशी कधी नव्हे ते पाऊण तास बोलले. प्रत्येक लॉटबरोबर चिठ्ठी लागते. कधी मोजलं, किती वाजता, काय दिसलं, कुणी पाहिलं. चिठ्ठी नसलेला माल बेवारस. तिला तेव्हा हसू आलं होतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा असायचा, आणि गॅसचा सिलेंडर कधी लावला तेसुद्धा ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचे. श्रिया त्यांना चिडवायची, "आजोबा, माझ्यावर पण चिठ्ठी लावा एक." तर खरंच लावली होती, तिच्या वाढदिवसाला, पाठीवर. तपासले, उत्तम.

अशा माणसाने सुनेच्या हातात लघवीची बाटली द्यायची म्हणजे काय, याचा विचार रसिकाने पहिल्यांदा केला होता, मग सोडून दिला. त्यांनी स्वतःच एक रीत पाडली. सकाळी ती आंघोळीला गेली की बाटली चपलांच्या कपाटावर येऊन ठेवलेली असायची, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेली, फुलपुडीच्या दोऱ्याने बांधलेली, कापडी पिशवीत. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, कुणी कुणाकडून काही घ्यायचं नाही. डबा एका हातात, ती पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती निघायची. लॅबमध्ये हातमोजे चढवले की दोरा कापायचा, कागद ओरबाडून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचा आणि बाटलीला नंबर द्यायचा. दिवसाला साठ-साठ नमुने येतात. कागद कोण बघतो.

तिन्ही वेळा लघवीत पू होता. सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर पेशी आणि प्लेटवर काहीच नाही. पहिल्या दोन वेळा नेहमीची हिरवट प्लेट वापरली होती, तिच्यावर नेहमीचे जंतू एका रात्रीत फोफावतात, कुणालाही दिसतील असे. आले नाहीत. नाक्यावरच्या डॉक्टरांनी अंदाजाने एकदा एक गोळी दिली, एकदा दुसरी. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी नळ पुन्हा पहाटे चारला. मग डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. प्रीतमने बहिणीला फोनवर सांगितलं, "अगं, रसिकाच्याच लॅबमध्ये तपासलंय, दोन वेळा. काही निघत नाही." हे वाक्य घरात मग अनेकदा फिरलं. शेजारणीला, मामांना, वृद्धाश्रमाच्या मॅनेजरलासुद्धा. काही निघत नाही, म्हणजे म्हातारा नीट धूत नाही. एवढं कुणी बोललं नाही. रसिकाच्या सहीने ते आपोआप सिद्ध झालं होतं.

शुक्रवारी तिसरा नमुना आला तेव्हा हिरवट प्लेटा संपल्या होत्या. नवीन खोका सोमवारी येणार होता. म्हणून घशाच्या नमुन्यांसाठी असलेली रक्ताची लाल प्लेट तिने घेतली आणि इतरांबरोबर बरणीत टाकली. ठरवून नाही, हाताला लागली म्हणून. शनिवारी साडेबाराला काढून बघितली. चाळीस रिपोर्ट जायचे होते, प्रीतमचा दोनदा मेसेज येऊन गेला होता, आश्रमवाल्यांना ताजा रिपोर्ट हवाय, संसर्ग नाही असा. तिने प्लेट उजेडात धरली, परत बरणीत टाकली. आणि आता, सोमवारी, त्याच ट्यूबलाइटखाली, तो क्षण पुन्हा तिच्या हाती लागला. प्लेट अगदी स्वच्छ नव्हती. नमुना गिरवलेल्या रेघेवर धुकं होतं. आरशावर श्वास पडावा तेवढं. आपण ते पाहिलं होतं का? पाहिलं होतं. अर्धा सेकंद पाहिलं होतं. आणखी एक दिवस ठेवायला हवी, हे तिला सोळा वर्षांच्या नोकरीत पक्कं माहीत होतं. पण चोवीस तासांचा शिरस्ता होता, आणि मुख्य म्हणजे तिला ते धुकं नको होतं. ती विटली होती. त्या वासाला, त्या नळाला, दर पाहुण्याआधीच्या त्या फवाऱ्याला. काही नाही असं निघालं तर सगळं मार्गी लागणार होतं. हे तिने मनात स्पष्टपणे म्हटलं आणि स्वतःचीच वाट बघत थांबली, की आता तरी रडू येईल. आलं नाही. मग तिने एक ठिपका उचलून काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळे गोल जंतू, चारचारच्या चौकडीने बसलेले.

डॉक्टर रोवेना परेरा सोमवारी आणि गुरुवारी कोलशेतहून यायच्या, अवघड प्लेटा बघायला. साठीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं तडकफडक. त्यांनी काच पाहिली, प्लेट पाहिली, नावही पाहिलं. "तुझे सासरे ना गं? काल सोडून आलात ते?" रसिकाने मान हलवली. बाईंनी प्लेट पुन्हा उजेडात धरली. मग कामाचं बोलू लागल्या, आणि रसिकाला त्याचं बरं वाटलं. "एरोकॉकस वाटतोय मला. पक्कं नाव मोठ्या लॅबच्या मशीनवरून काढू. म्हाताऱ्या पुरुषांत होतो हा, प्रोस्टेट वाढलेल्यांत. आपल्या नेहमीच्या प्लेटवर धड उगवत नाही, उगवला तरी दोन दिवस घेतो, आणि उगवला की लोक म्हणतात कातडीवरचा कचरा आहे, फेकून द्या. जंतू नवा नाही गं. आपण ओळखायला लागलो ते नवं." त्यांनी चष्मा खाली ओढला. "गोळ्या कुठल्या दिलेल्या? बघ, त्या दोन्ही याच्यावर बऱ्याचदा चालत नाहीत. पेनिसिलिनच्या घरातलं जुनं औषध बहुतेक वेळा चालतं. पण आधी ताजा नमुना आण, दोन प्लेटांवर घाल, कुठलं लागू पडतं ते बघू, आणि नमुना घेतल्याबरोबर औषध सुरू. मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलते. ताप वाटला तर मात्र वाट बघत बसू नको, सरळ अॅडमिट कर. रक्तात गेला तर हृदय धरतो हा." आणि मग, ती निघताना, "वास यायचा का लघवीला?" "हो." "याला येतो कधीकधी. खूप उग्र. पेशंट बिचारे धूत बसतात." रसिकाने नवी बाटली पिशवीत टाकली आणि बाहेर आली.

रिक्षात बसून तिने प्रीतमला फोन लावला. जंतू निघाला, साध्या औषधाने बरं होईल, वास त्याचाच होता. पलीकडे त्याच्या ऑफिसातला गोंगाट होता. "अरे, मग चांगलंच आहे ना," तो म्हणाला, आणि थांबला. "म्हणजे आता काय? परत आणायचं? रसिका, कालच श्रियाचं टेबल लावलंय त्यांच्या खोलीत. दहावी आहे तिची." "माहितीये." "मी नाही म्हणत नाहीये. पण जरा बघू ना. आधी बरे तर होऊ देत." ती हो म्हणाली. काल संध्याकाळी घरी आल्यावर तिनेच ती खोली फिनाइलने पुसली होती, गादी गच्चीत टाकली होती, आणि रात्री जेवताना चौघांच्या जागी तिघे बसले तेव्हा घरात कसलाच वास नव्हता. त्या नसलेल्या वासाने तिला घास गिळवला नव्हता. पण सकाळी उठून ती नेहमीसारखी डबा भरून कामावर आली होती. कल्याणचा पूल मागे पडला, गाड्या विरळ झाल्या. रिक्षावाला कुठल्याशा रस्त्याच्या कामावर वैतागत होता आणि ती प्रत्येक वाक्याला हं म्हणत होती.

आश्रम म्हणजे दुमजली बंगला, पुढे तुळस आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. रंगूबाई नावाची देखभाल करणारी बाई दारातच भेटली. "जेवले नाय ओ काल. पाणीपण पीत नायत. म्हणतात, प्यायलो का उठावं लागतं." बाबा खाटेच्या कडेवर बसले होते, सदरा घातलेला, खिशात पेन्सिल. तिला बघून उठायला लागले. रसिकाने त्यांच्या कपाळाला हात लावला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. कपाळ थंड होतं. त्यांनी मान जराही हलवली नाही, हात निघेपर्यंत.

"बाबा, तुमच्या लघवीत जंतू सापडला," ती म्हणाली. तिने मोबाइलवरचा प्लेटचा फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बराच वेळ बघत राहिले. "बारीक आहेत," ते म्हणाले.

"हो. उगवायला वेळ लागतो यांना."

"याचाच वास यायचा?"

"हो, बाबा."

त्यांनी मोबाइल परत दिला. खिडकीबाहेर कुणीतरी पत्र्यावर पापड वाळत घालत होतं, तिकडे पाहिलं. "म्हणजे मी धूत होतो, ते बरोबर होतं."

रसिकाला त्या क्षणी शरम वाटली, सरळ, स्वच्छ शरम, पण तीही दूरच्या खोलीत कुणी रडावं तशी बंद दारापलीकडून.

"ही प्लेट कधीची?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी टाकलेली. शनिवारी रिपोर्ट दिला मी."

"शनिवारी दिसलं नव्हतं?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. चोवीस तासांत दिसत नाहीच, डॉक्टर बाईंनीही तेच सांगितलं असतं. "धुकं होतं थोडं," ती म्हणाली. "मला दिसलं होतं. मी वाढ नाही म्हणून टाकलं."

बाबांनी मान हलवली. सावकाश, दोनदा, तपासणीच्या खात्यात अशा गोष्टी ऐकायची सवय असल्यासारखी. "शनिवारी होतं असं," ते म्हणाले. "लॉट मोठा असतो."

"घरी चला, बाबा. आजच चला."

"श्रियाचं टेबल लावलं ना तिथे? प्रीतम काल म्हणत होता गाडीत." त्यांना ऐकू आलं होतं तर. "खिडकीचा उजेड चांगला येतो. हलवू नका ते. आधी औषध घेऊ. मग परत तपास. दोन दिवस ठेव प्लेट. तेव्हा बघू." त्यांनी हात पुढे केला. "बाटली आणली आहेस ना? तू जरा बाहेर बस."

ती बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. आतून नळाचा आवाज आला. बादली भरली, ओतली, पुन्हा भरली, ओतली, तिसऱ्यांदा भरली. ती ऐकत राहिली. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग बाबांनी रंगूबाईला हाक मारून जुना पेपर मागितला. थोड्या वेळाने ती बाईच पिशवी घेऊन बाहेर आली, "दोरा मागत व्हते, दोरा नाय आमच्याकडं." रसिका दारातून म्हणाली, "येते मी बाबा. संध्याकाळी औषध घेऊन येते." आतून "हो" आलं.

रिक्षा खड्ड्यांतून उसळत होती म्हणून तिने पिशवी मांडीवर घेतली. दोरा नव्हता, त्यामुळे कागदाची घडी सैल होत होती. बाटली कलंडेल म्हणून तिने ती बाहेर काढली आणि वर्तमानपत्र पुन्हा घट्ट करायला सोडवलं. बाटलीभोवती, पेपरच्या आतल्या बाजूला, चौकोनी कापलेला पांढरा कागद होता. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीचा. त्यावर पेन्सिलीने, कारखान्यातल्या त्या उभ्या, सुटसुटीत अक्षरात लिहिलं होतं:

चिठ्ठी क्र. ४. सोमवार, दुपारी १२.१०. साबणाने तीनदा धुऊन मग घेतली. रंग गढूळ. वास आहे, आधीच्या तिन्ही वेळांप्रमाणेच. धुऊनही जात नाही. तोंडाने सांगणे बरे दिसत नाही म्हणून लिहीत आहे. कृपया नीट पाहावे. दौ. शं. मांडवकर.

तिने ती शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वर आली आणि आकड्यापाशी थांबली. बाटली हातात अजून कोमट होती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, पुलावरून घेऊ का खालून?" रसिकाने काहीतरी सांगितलं असावं, कारण रिक्षा वळली. आधीच्या तीन चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने, हातमोजे घालून, न उघडता पिवळ्या पिशवीत टाकल्या होत्या.